नदीत, लग्नात आणि मरताना एकच पोशाख: मंदाई लोकांचा ‘रास्ता’

दरवर्षी मार्चच्या मध्यावर बगदादहून काही छायाचित्रं जगभरच्या वर्तमानपत्रांत येतात. टायग्रिस नदीच्या पाण्यात माणसं उभी असतात, सगळी पांढऱ्या कपड्यांत. लांब दाढीचा एक पुरोहित एकेकाला पाण्यात बुडवून वर काढत असतो. खाली एक ओळ असते, इराकमधल्या मंदाई समाजाच्या बाप्तिस्म्याची. बाप्तिस्मा म्हटल्यावर वाचणारा त्यांना ख्रिस्ती समजतो आणि पान उलटतो.

ते ख्रिस्ती नाहीत. मुसलमान किंवा ज्यूही नाहीत. आणि ओले झाले तरी चालतील म्हणून कुठलेतरी जुने कपडे अंगावर चढवलेत, असंही नाही. मंदाई धर्माचं म्हणणं काय आहे, हे त्या कपड्यांवरून जितकं लवकर कळतं तितकं त्यांच्या ग्रंथांवरून कळत नाही, असं मला वाटतं. ग्रंथ अवघड आहेत, देवदूतांच्या नावांनी भरलेले आहेत. कपडे मात्र डोळ्यांसमोर असतात.

या पोशाखाचं नाव ‘रास्ता’. मराठी-हिंदीतल्या वाटेशी त्याचा काही संबंध नाही. पुढे हाच शब्द वापरतो.

हे लोक मूळचे कुठले?

दक्षिण इराक आणि त्याला लागून असलेला इराणचा खुझेस्तान प्रांत ही त्यांची भूमी. टायग्रिस, युफ्रेटिस आणि कारुन या नद्यांच्या काठी अमारा, नासिरिया, बसरा, अहवाज अशा गावांत ते शतकानुशतकं राहत आले. सोनारकाम, चांदीकाम, लोहारकाम, होड्या बांधणं हे त्यांचे पिढीजात धंदे. त्यांच्या धर्मग्रंथांची भाषा मंदाईक, म्हणजे अरामी भाषेची पूर्वेकडची एक बोली. मुख्य ग्रंथ ‘गिंझा रब्बा’, महान खजिना.

आदम हा त्यांचा पहिला प्रेषित आणि योहान बाप्तिस्मा करणारा हा अखेरचा. योहानाला ते याह्या म्हणतात. येशूला मात्र तारणहार मानत नाहीत. १७ व्या शतकात बसऱ्याला आलेल्या मिशनऱ्यांचा इथेच घोटाळा झाला. त्यांनी या लोकांना ‘संत योहानाचे ख्रिस्ती’ असं नाव देऊन टाकलं, आणि त्यांच्यातल्या काहींना गोव्यासारख्या पोर्तुगीज मुलखात नेऊन वसवण्याचे प्रयत्नही झाले. ते नाव युरोपात पुढे बराच काळ चिकटून राहिलं.

आज जगभरात मंदाई किती आहेत? अंदाज साठ हजारांपासून एक लाखापर्यंत जातात. त्यांच्या धर्मात बाहेरच्याला प्रवेश नाही, त्यामुळे आकडा वाढण्याची एकच वाट आहे, घरात जन्माला येणारी मुलं.

शरीर हाही एक कपडाच

आता गाभ्याकडे येऊ. मंदाई श्रद्धेनुसार सगळ्यांच्या वर ‘महान जीवन’ आहे. तेच त्यांचं परमतत्त्व. त्याचं ठिकाण म्हणजे प्रकाशलोक. माणसाचा आत्मा तिथला. आपलं जग आणि आपलं शरीर मात्र खालच्या शक्तींनी घडवलं. ‘प्ताहिल’ नावाच्या एका दुय्यम निर्मात्याने ग्रहांच्या मदतीने आदमचं शरीर बनवलं, पण ते उभंच राहीना. प्रकाशलोकातून आत्मा आणून त्यात घातला तेव्हा कुठे आदम उठला.

म्हणजे आत्मा इथे पाहुणा आहे आणि त्याच्या अंगावर इथलं एक जड वस्त्र आहे, ते म्हणजे शरीर. मृत्यूच्या वेळी ते वस्त्र उतरतं. मग आत्मा वर निघतो. वाटेत त्याला अनेक चौक्या लागतात, तिथले पहारेकरी त्याची झडती घेतात. पुढे ‘अबाथुर’ तराजू घेऊन बसलेला असतो. आदमचा मुलगा शितिल हा सगळ्यांत शुद्ध आत्मा मानला जातो. त्याच्या तोलाला जो आत्मा उतरेल तो पुढे जातो. प्रकाशलोकात पोचल्यावर त्याला तेजाचा अंगरखा आणि प्रकाशाचा मुकुट मिळतो.

रास्ता ही त्या तेजाच्या अंगरख्याची इथली प्रत आहे. सुती कापडाची, पांढरी, ज्याला त्याला परवडेल अशी. आत्म्याला तिथे जे मिळणार आहे ते माणूस इथे अंगावर घालतो आणि नदीत उतरतो. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप लागत जातं.

अंगावर नेमकं काय काय असतं

पहिला, लांब सदरा, ‘क्सुया’. बोलण्यात त्याला ‘सद्रा’ही म्हणतात. या सदऱ्याला उजव्या बाजूला एक लहानसा कापडाचा तुकडा शिवलेला असतो, छोट्या खिशासारखा. त्याचं नाव ‘दाशा’. त्यात ठेवायचं असं विशेष काही नसतं, तरीही तो असावाच लागतो.

मग ‘शरवाला’, म्हणजे विजार, आणि तिच्या नेफ्यातली नाडी. हो, नाडीही मोजतात! तिला स्वतंत्र नाव आहे आणि पोशाखाच्या अंगांत तिचा वेगळा उल्लेख होतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जिथे नाडीसुद्धा हिशेबात धरली जाते, तिथे पोशाख केवळ अंग झाकण्यापुरता राहत नाही. त्याचं प्रत्येक अंग जागेवर असावं लागतं.

डोक्याला ‘बुर्झिंका’, पांढरी पगडी. ती तीन वेढे देऊन बांधतात आणि एक टोक डाव्या खांद्यावर मोकळं सोडतात. बायका पगडीऐवजी पांढऱ्या कापडाने डोकं झाकतात. गळ्यात ‘नसिफा’ नावाची लांब, अरुंद पट्टी, उपरण्यासारखी दोन्ही बाजूंनी पुढे येणारी.

आणि सगळ्यांत शेवटी कमरेला ‘हिमियाना’. बाकी पोशाख सुती, हा पट्टा मात्र लोकरीचा. साठ धागे घेऊन तो विणलेला असतो आणि सदऱ्यावरून कमरेभोवती बांधून त्याला दुहेरी गाठ मारतात. ही गाठ बसली की माणूस विधीसाठी तयार झाला. त्यांच्यात अंत्यविधीच्या वेळी मृतदेह वाहून नेणारे चार जणही असेच पूर्ण पोशाखात, पट्टा बांधून येतात.

रंग पांढराच का, याला त्यांच्याकडे सरळ उत्तर आहे. प्रकाशलोक तेजस्वी आहे, तिथले रहिवासी पांढऱ्या तेजाचे कपडे घालतात, आणि गिंझा रब्बा माणसांनाही पांढरं नेसायला सांगतो. नक्षी, किनार, भरतकाम यांना इथे जागा नाही.

पाण्यात उतरल्यावर

मंदाईंच्या बाप्तिस्म्याला ‘मस्बुता’ म्हणतात. ख्रिस्ती बाप्तिस्म्याप्रमाणे तो आयुष्यात एकदाच व्हायचा नसतो. तो पुन्हा पुन्हा घेतात, शक्यतो रविवारी, सणाला, लग्नाच्या वेळी, बाळंतपणानंतर, अशुद्धी आल्यावर. पाणी वाहतं हवं. अशा पाण्याला ते ‘यार्दना’ म्हणतात, मग नदी टायग्रिस असो की आणखी कुठली. साचलेल्या पाण्यात मस्बुता होत नाही. जुन्या काळच्या प्रार्थनागृहाजवळ कुंड खोदत तेव्हाही नदीतून पाणी आत आणणारा एक पाट आणि बाहेर नेणारा दुसरा पाट काढत असत.

पुरोहित आधी उतरतो. हातातली काठी तो नदीच्या तळाशी चिखलात रोवतो. मग बाप्तिस्मा घेणारा रास्ता घालून पाण्यात येतो, स्वतः तीन डुबक्या घेतो. पुढे पुरोहित त्याला तीनदा पाण्यात बुडवतो, कपाळावर तीनदा पाण्याची खूण करतो, तीन ओंजळी पाणी पाजतो. त्याच्या पगडीत मर्टलच्या डहाळीचं लहानसं कडं खोवतो. मर्टल म्हणजे आपल्याकडे जिला विलायती मेंदी म्हणतात ते झुडूप, बारमाही हिरवं आणि पानं चुरडली की सुवास देणारं. हे कडं म्हणजे प्रकाशाच्या मुकुटाची खूण. मग दोघं उजवा हात उजव्या हातात घेतात. या हस्तांदोलनाला ‘कुश्ता’ म्हणतात, सत्य.

ओल्या अंगाने काठावर आल्यावर कपाळाला तिळाचं तेल लागतं, बिनखमिराच्या भाकरीचा तुकडा आणि नदीचं पाणी मिळतं. पुन्हा कुश्ता होतो. एवढा वेळ अंगावर तोच रास्ता असतो, ओलाचिंब. आत्मा प्रकाशलोकात पोचल्यावर जे व्हायचं आहे, अंगरखा, मुकुट, हात हातात घेणं, तेच सगळं नदीकाठी माणसाच्या अंगावर घडवून आणलेलं असतं.

पुरोहिताच्या अंगावर जास्तीचं काय?

लांबून पाहिलं तर पुरोहित आणि साधा माणूस सारखेच दिसतात. बहुतेक धर्मांत पुरोहिताची वस्त्रं वेगळी, भारी, झळाळती असतात. इथे मूळ रास्ता तोच. वर काही गोष्टी येतात, त्याही जवळ गेल्यावरच दिसणाऱ्या.

पहिली, ‘ताग’. हा मुकुट आहे, पण सोन्याचा नाही. बारीक नळीसारखी पांढऱ्या कापडाची कडी, आणि तीही पगडीच्या आत जाते. दुसरी, उजव्या हाताच्या करंगळीतली सोन्याची अंगठी, ‘शोम यावर’. तिच्यावर एका प्रकाशदूताचं नाव कोरलेलं असतं. तिसरी, ऑलिव्हच्या लाकडाची काठी, ‘मर्गना’. चौथी, ‘पंदामा’: पगडीचं मोकळं टोक तोंडावरून आणि नाकावरून ओढून घेतात, म्हणजे पुरोहिताचा श्वास आणि थुंकी विधीतल्या वस्तूंना लागत नाही.

याखेरीज ‘स्कंदोला’ नावाची एक लोखंडी मोहोर असते. तिच्यावर सिंह, विंचू, गांधीलमाशी आणि त्यांना वेढणारा साप कोरलेला असतो, आणि साखळीने तिला एक सुरी जोडलेली असते. तिने कबरीवर मोहोर उठवतात. वाईट शक्तींना अडवण्याचं ते साधन आहे.

ही जास्तीची साधनं मानाची म्हणून मिरवायची नसतात. ती कामाची आहेत. पुरोहित विधी करत असताना प्रकाशलोकातल्या दूताच्या जागी उभा असतो, आणि त्या जागेची ही चिन्हं आहेत. विधी संपला की प्रार्थना म्हणून ताग उतरवून ठेवायचा असतो.

म्हणजे आपल्या सोवळ्यासारखंच की!

मराठी वाचकाला हे पहिल्यांदा सुचणारच, आणि तुलना काही अंशी बरोबर आहे. सोवळं नेसलेला माणूस जसा पूजेपुरता वेगळ्या अवस्थेत जातो, कपडा जसा ठरलेला असतो, स्पर्शाचे जसे नियम असतात, तसं इथेही आहे. मंदाई पुरोहितांचे शुद्धतेचे नियम तर फार कडक आहेत. विधीत चूक झाली तर ती पुसण्यासाठी पुन्हा विधी करावे लागतात.

पण दोन ठिकाणी ही तुलना मोडते. सोवळं हे पूजा करणाऱ्याचं, इतरांना दूर ठेवणारं. आपल्याकडे त्याच्या आधाराने कोणाला किती दूर ठेवलं गेलं हे आपल्याला सांगायला नको. रास्ता मात्र समाजातल्या प्रत्येकाचा आहे, बाईचा, पुरुषाचा, सोनाराचा, होडी बांधणाऱ्याचा. दुसरं असं की सोवळं पूजेपुरतं असतं आणि देवघराबाहेर आलं की सुटतं. रास्ता मृत्यूनंतरही अंगावरून निघत नाही.

याचा अर्थ मंदाई समाजात उतरंड नाही असा मात्र घेऊ नये. पुरोहित व्हायचं तर घराणं निष्कलंक लागतं आणि शरीरात व्यंग चालत नाही. आज सगळे पुरोहित पुरुष आहेत. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलाकारांनी केलेल्या नोंदींत मात्र स्त्री-पुरोहितांचीही नावं सापडतात.

पारशांची कुस्ती आठवली का?

मुंबईत पारशी शेजारी असलेल्यांना एव्हाना दुसरंच काही आठवलं असेल. पारशांचा ‘सद्रा’ हा पांढरा सुती सदरा असतो आणि त्याला गळ्याशी ‘गिरेबान’ नावाची एक लहानशी घडी, खिसाच म्हणा, शिवलेली असते. कमरेला लोकरीची ‘कुस्ती’ बांधतात. तिच्यात ७२ धागे असतात, यस्न या ग्रंथाच्या ७२ अध्यायांचे. अग्नीसमोर पारशी दस्तुर तोंडाला पांढरी पट्टी बांधतात, श्वास अग्नीला लागू नये म्हणून.

मंदाई आणि झरथुष्ट्री अनुयायी शतकानुशतकं एकाच साम्राज्यात, एकमेकांच्या शेजारी राहिले. त्यांच्यात देवाणघेवाण झाली असणार यात शंका नाही. इंग्रज अभ्यासक एथेल ड्रोवर यांनी इराकमध्ये राहून मंदाईंवर १९३७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही त्यांनी ही साम्यं नोंदवली आहेत. मात्र यावरून ‘मंदाईंनी पारशांची नक्कल केली’ असं म्हणणं मला पटत नाही. पारशी कुस्ती माणूस जन्मभर, रोज बांधतो, ती या जगात सत्कर्म करण्याची बांधिलकी आहे. मंदाईंचं लक्ष हे जग सुटल्यावर अंगावर काय असणार याकडे आहे. कापड सारखं असलं तरी त्यातून सांगितलेली गोष्ट निराळी आहे.

रास्ता अंगावर नसताना मरण आलं तर?

इथे हा पोशाख नुसता प्रतीकाचा विषय राहत नाही, घरच्यांच्या जिवाला लागणारा विषय होतो.

नियम असा आहे की माणूस जिवंत असतानाच त्याला नवा रास्ता घालायचा. शेवट जवळ आला असं वाटलं की नदीचं पाणी आणतात, त्याच्या अंगावर तीनदा ओततात, त्याचं तोंड उत्तरेकडे करतात, कारण प्रकाशलोक उत्तरेला आहे, आणि त्याला नवा रास्ता चढवतात. त्या रास्त्याच्या उजव्या बाजूला सोन्याचा आणि डाव्या बाजूला चांदीचा धागा टाचलेला असतो. त्या कपड्यांतच प्राण जायला हवा, आणि त्या कपड्यांतच दफन. मोठ्याने रडणं धर्माला मंजूर नाही. मागे राहिलेल्यांच्या आसवांची नदी होते आणि आत्म्याला ती ओलांडावी लागते, अशी समजूत आहे.

साध्या कपड्यांत मेलेल्याचा आत्मा प्रकाशलोकात पोचू शकत नाही. मग अपघातात गेलेल्याचं काय? नदीत बुडालेल्याचं, रुग्णालयात नळ्या लावलेल्या अवस्थेत गेलेल्याचं, रस्त्यात गोळी लागून पडलेल्याचं? हा प्रश्न विचारणारे आपण पहिले नाही. मंदाईंनी त्यावर फार पूर्वीच विधी बसवला आहे. त्याचं नाव ‘अहाबा द-मानिया’, वस्त्रदान. मेलेल्याच्या जागी त्याच्याशी साधर्म्य असलेला एक जिवंत माणूस उभा करतात. त्याला गेलेल्याच्या नावाने नवा रास्ता घालतात, आणि विधीतलं अन्न तो त्याच्या वतीने खातो. अशा रीतीने वस्त्र पोचतं.

हा विधी कधीही करता येत नाही. तो ‘परवनाया’ या पाच दिवसांतच व्हायचा असतो. मंदाई वर्ष ३६५ दिवसांचं आहे, तीस दिवसांचे बारा महिने आणि वर ५ दिवस. हे पाच दिवस कुठल्याच महिन्याचे नाहीत. त्या काळात प्रकाशलोकाची दारं उघडी असतात, रात्रीचंही भय नसतं. लीप वर्ष नसल्याने हे दिवस दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतात. सध्या ते मार्चच्या मध्याला येतात. बगदादची ती छायाचित्रं त्याच दिवसांतली असतात.

एखाद्याला हे भाबडं वाटेल. कपड्याअभावी देव कोणाला दाराबाहेर ठेवील का, असा सवाल मंदाई नसलेल्या कुणालाही पडेल. त्यांच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट उलटी दिसते. आपलं माणूस अवेळी, एकटं, कुठेतरी परक्या ठिकाणी गेलं, तरी त्याच्यासाठी अजून काही करता येतं, असं हा विधी मागच्यांना सांगतो. २००३ नंतर इराकमध्ये मंदाई सोनारांचं अपहरण झालं, खून झाले, सक्तीची धर्मांतरं झाली. त्यांच्या धर्मात शस्त्र उचलणं निषिद्ध आहे. अशा वेळी किती घरांना या विधीची गरज पडली असेल, याचा विचार करावा.

पांढरं कापड तर सिडनीतही मिळतं, मग अडचण कसली?

२००३ पासून इराकमधले बहुतेक मंदाई देश सोडून गेले. एकेकाळी तिथे कित्येक दहा हजार मंदाई होते, आता काही हजारच उरले आहेत. २००५ च्या इराकी राज्यघटनेत त्यांचं नाव घेऊन धर्मस्वातंत्र्य दिलेलं आहे. इराणच्या घटनेत मात्र मान्यताप्राप्त अल्पसंख्य धर्म तीनच, त्यांत मंदाई नाहीत. आज ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेला नेपियन नदीत मस्बुता होतो. स्वीडनमध्ये, दाल्बी या गावी, २०१८ मध्ये नवं प्रार्थनागृह उभं राहिलं. अमेरिकेतही वस्त्या आहेत.

रास्ता शिवणं अवघड नाही. सुती कापड कुठेही मिळतं, आणि साठ धाग्यांचा पट्टा विणायलाही शिकता येतं. वाहतं पाणी मिळवणं त्याहून कठीण, विशेषतः थंडीत, आणि इराकमध्येही, कारण टायग्रिसचं पाणी आटत चाललंय आणि त्यात सांडपाणी मिसळतंय. सगळ्यांत मोठी उणीव आहे ती ताग घालणाऱ्यांची. जगभरात पुरोहित थोडके आहेत, त्यांच्याशिवाय मस्बुता नाही, लग्न नाही, वस्त्रदानही नाही. नवा पुरोहित घडवायला जुना पुरोहितच लागतो. उमेदवाराला सात दिवस झोपू न देता झोपडीत शिकवावं लागतं, पुढे साठ दिवस कडक शुद्धतेत काढावे लागतात. इंजिनिअरिंगचं शिक्षण घेणाऱ्या किंवा सुपरमार्केटात पाळीवर जाणाऱ्या तरुणाला हे जमवणं सोपं नाही.

ही साखळी एकदा खरोखरच तुटली होती. १८३१ मध्ये त्या भागात कॉलऱ्याची साथ आली आणि समाजातले सगळे पुरोहित त्यात गेले. ताग द्यायला कोणी उरलंच नाही. तेव्हा याह्या बिहराम आणि राम झिहरून हे पुरोहितांच्या घरातले दोन शिकलेले तरुण पुढे आले. पोथ्या त्यांनी लहानपणापासून वाचलेल्या होत्या, विधी पाहिलेले होते. कोणी जुना पुरोहित हजर नसताना त्या दोघांनी पुरोहितपण नव्याने उभं केलं आणि इतरांना दीक्षा दिली. आज बगदादला, अहवाजला किंवा सिडनीला नदीत उभे राहणारे पुरोहित त्यांच्यापासून पुढे आलेल्या परंपरेतले आहेत.